हत्तीरोग: पाय सुजतो एकाचा, जंत फिरतात दुसऱ्याच्या रक्तात? (शंका, अनुभव, माहिती)

रानजाई
नमस्कार मंडळी, सासूबाईंच्या उजव्या पायाला गेली बरीच वर्षं सूज आहे, आधी अधूनमधून थंडी वाजून ताप यायचा, जांघेत अवधाण यायचं, दोन-चार दिवसांत उतरायचं म्हणून कोणी मनावर घेतलं नाही, आता घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाय जाड झालाय आणि कातडी खरखरीत. डॉक्टर म्हणाले हत्तीरोग. मग रक्त तपासलं तर रिपोर्टात जंत नाहीत! आता घरात दोन पार्ट्या झाल्यात. एक म्हणते रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे हत्तीरोग नाहीच, डॉक्टर बदला. दुसरी त्यांचा टॉवेल, चपला, बादली सगळं वेगळं ठेवायला लागली आहे, नातवंडांना मांडीवर बसू देत नाही. आई काही बोलत नाहीत पण दिवसभर पाय साडीखाली झाकून बसतात. मला नीट माहिती हवी आहे. हा रोग लागतो का? रक्तात जंत नाहीत तर सूज कशाची? आणि औषधाने पाय पहिल्यासारखा होतो का?

ओपीडीतला
पेशंट न बघता निदान करणार नाही पण तुम्ही जे लिहिलंय त्यात मला विसंगत काही वाटत नाही. पाय मोठा झालेल्या पेशंटच्या रक्तात जंताची पिल्लं न सापडणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. उलट ज्याच्या रक्तात ती ढिगाने असतात तो बहुतेक वेळा ठणठणीत दिसतो, कामाला जातो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो.

जरा मुळापासून सांगतो. जंत तीन जातींचे आहेत, त्यातला वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हा जगातल्या साधारण ९० टक्के केसेसना जबाबदार, उरलेले दोघे ब्रुगिया मलायी आणि ब्रुगिया टिमोरी. मोठा झालेला जंत दिसतो पांढऱ्या दोऱ्यासारखा, मादी ८-१० सेंटिमीटर, नर तिच्या निम्म्याहून कमी. राहतात कुठे, तर रक्तात नाही, लसीकावाहिन्यांत. आपल्या पेशींच्या मधे जे पाणी झिरपतं ते गोळा करून परत रक्तात सोडणाऱ्या या बारीक नळ्या असतात, त्यांना एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. जंतांचं जोडपं तिथे ६ ते ८ वर्षं मुक्काम ठोकतं आणि मादी लाखो पिल्लं रक्तात सोडते. ती पिल्लं म्हणजे मायक्रोफायलेरिया. तपासणीत शोधतात ती हीच.

आता नुकसान कसं होतं ते बघा. जंत असतो तिथली नळी सैल पडून फुगते, झडपा नीट मिटत नाहीत, पाणी उलटं साचायला लागतं. हे वर्षानुवर्षं आतल्या आत चालू असतं, बाहेर काहीही दिसत नाही. पुढे जंत मरतात, पिल्लंही संपतात, पण बिघडलेली नळी तशीच राहते. म्हणून रिपोर्ट कोरा आणि पाय सुजलेला. बांध फुटून पाट बुजला की नंतर पाऊस थांबला म्हणून पाट आपोआप मोकळा होत नाही, तसलंच.

आणि लागण्याबद्दल: हात लावल्याने, टॉवेलने, चपलेने, एका ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने हा रोग लागत नाही. आईकडून पोटातल्या बाळालाही होत नाही. मधे डास लागतोच. नातवंडांना खुशाल मांडीवर बसू द्या.

बिनकामाचा
म्हणजे एक डास चावला की संपलं? मग आपण सगळेच हत्ती व्हायला हवे होतो आत्तापर्यंत :D

ओपीडीतला
नाही हो. मलेरियासारखं हे एका डंखात होत नाही. डासाने रक्ताबरोबर पिल्लं ओढली की ती त्याच्या पोटातून छातीच्या स्नायूत जातात, तिथे १०-१४ दिवस वाढतात, मग सोंडेत येतात. डासाच्या अंगात त्यांची संख्या वाढत नाही, जितकी गेली तितकीच किंवा कमी उरतात. डास चावताना ती इंजेक्शनसारखी आत टोचलीही जात नाहीत, कातडीवर उतरतात आणि डंखाच्या भोकातून वाट काढून आत शिरतात, कित्येक तिथेच वाळून मरतात. आत गेलेल्यांतही नर-मादी दोघं जगून एकत्र यायला हवेत. म्हणून महिनोन्महिने, वर्षानुवर्षं शेकडो वेळा चावून घ्यावं लागतं तेव्हा कुठे संसार थाटला जातो. चार दिवस पाहुणे म्हणून गेलेल्याला सहसा होत नाही, जन्मभर तिथे राहणाऱ्याला होतो. लागण बहुतेकदा लहानपणीच होते, पाय मात्र मोठेपणी सुजतो.

लॅबवाली
रानजाई, रक्त किती वाजता घेतलं होतं?? हे आधी विचारा. दिवसा बोटाला टोचून काच बनवली असेल तर त्या रिपोर्टला फारसा अर्थ नाही. ही पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री वरच्या रक्तात येतात, सगळ्यात जास्त १० ते २ च्या दरम्यान. का, तर पसरवणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. म्हणून तर रात्री लोकांची दारं वाजवत फिरावं लागतं, झोपेतून उठवल्यावर लोक काय काय बोलतात ते इथे लिहित नाही. गंमत म्हणजे पॅसिफिकमधल्या काही बेटांवर दिवसा चावणारे एडिस डास हे काम करतात, तर तिथली पिल्लं दिवसाही रक्तात भरपूर सापडतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अर्धा तास नुसती बसून राहिले होते.

आता पट्टीची टेस्ट आहे, जंताने सोडलेलं अँटिजेन ओळखते, ती दिवसा कधीही चालते. पण फक्त बँक्रॉफ्टीसाठी, ब्रुगियाला उपयोग नाही. आणि जुना सुजलेला पाय असेल तर तीही निगेटिव्ह येऊ शकते, कारण वर सांगितलंय तेच.

खडूस_आजोबा
एवढं सगळं खरं असेल तर मग ते दरवर्षी गोळ्या वाटत फिरतात ते कशासाठी? मला काही झालेलं नाही, माझ्या बायकोला काही झालेलं नाही, ज्याला झालंय त्याला द्या की. मागे एकदा समोर उभं राहून खायला लावली, संध्याकाळी डोकं जड, अंगात कणकण, मळमळ. धडधाकट माणसाला आजारी पाडायचा उद्योग आहे हा. आमच्याकडे तेव्हापासून सगळे गोळी घेतात आणि खिशात टाकतात.

लॅबवाली
आजोबा रागावू नका पण तुमच्याच पोस्टमधे उत्तर आहे. ज्याचा पाय सुजलाय त्याच्याकडून डासाला काही मिळत नाही. डासाला पिल्लं मिळतात ती "मला काही झालेलं नाही" म्हणणाऱ्यांकडून. गोळी त्यांच्यासाठीच असते!! आणि गोळी घेतल्यावर कणकण का येते? रक्तातली पिल्लं मेली की शरीर त्यावर प्रतिक्रिया देतं. ज्याच्या रक्तात काहीच नाही त्याला बहुधा काही होत नाही, थोडी मळमळ झाली तर झाली. तुम्हाला ताप आला म्हणजे जंत होतेच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही पण मी तुमच्या जागी असते तर पुढच्या वर्षीची गोळी खिशात टाकली नसती.

ओपीडीतला
लॅबवालींना अनुमोदन. थोडी भर. गोळ्या म्हणजे डीईसी आणि अल्बेंडाझोल, काही ठिकाणी त्यात आयव्हरमेक्टिनही, तिन्ही एकत्र द्यायची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मधे केली. या गोळ्या पिल्लांचा फडशा पाडतात पण मोठे जंत सगळे मरत नाहीत, ते पुन्हा पिल्लं सोडतात. म्हणून डीईसी-अल्बेंडाझोलची जोडी असेल तिथे वर्षातून एकदा, निदान पाच वर्षं. जंत म्हातारा होऊन मरेपर्यंत त्याची पिल्लं डासापर्यंत पोचू द्यायची नाहीत एवढाच हिशोब. एकूण लोकसंख्येतल्या किमान ६५ टक्के लोकांनी खरंच गिळली तरच साखळी तुटते. खिशातली गोळी यात धरत नाहीत आजोबा :)

गरोदर बायका, दोन वर्षांखालची मुलं आणि खूप आजारी माणसं यांना ही देत नाहीत. रिकाम्या पोटी घेऊ नका. आफ्रिकेतल्या काही भागांत डोळे आणि कातडीचे दुसरे फायलेरियाचे जंत असतात, तिथे डीईसी चालत नाही, नियम वेगळे. तेव्हा नेटवर वाचून स्वतःच्या मनाने कोणी गोळ्या मागवू नका.

सुईदोरा
इथे फारशी लिहित नाही पण हा धागा बघून राहवलं नाही. मी स्वतः पेशंट आहे. डावा पाय. वर सगळं जंत, डास, नळ्या चाललंय ते ठीक आहे पण रोज काय होतं ते मी सांगते.

पहिलं म्हणजे चप्पल. एका पायाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं, म्हणजे दोन जोड घ्यायचे आणि एकेक फेकायचा. बसमधे पाय आत घेता येत नाही, मग शेजारचा आधी पायाकडे बघतो, मग तोंडाकडे, मग उठून उभा राहतो. वास. हो, लिहूनच टाकते, कातडीच्या घड्यांमधे ओल राहिली की वास येतो आणि तो वास आपल्याला सगळ्यात आधी येतो, लोकांना यायच्या आधीच आपण बाजूला सरकून बसायला शिकतो. कोणाच्या घरी गेलं की सतरंजीवर बसा म्हणतात, बसलं तर उठता येत नाही आणि खुर्ची मागितली तर कौतुक. बहिणीचं लग्न ठरत होतं तेव्हा मला आतल्या खोलीत बसवलं होतं, कारण "घराण्यात आहे" असं पाहुण्यांना वाटू नये. त्याचं मला पायापेक्षा जास्त दुखलं.

आणि ताप. सूज एक वेळ परवडली पण तो ताप नको. सकाळी बऱ्या असता, दुपारी हुडहुडी भरते, पाय लाल, गरम, हात लावू देत नाही, आठवडाभर अंथरुणात, कामाचे पैसे बुडाले. आणि प्रत्येक तापानंतर सूज उतरते पण पहिल्याएवढी नाही उतरत, थोडी मागे ठेवूनच जाते. असं करत करत पाय वाढला. मला कित्येक वर्षं वाटायचं आत जंत चावतोय म्हणून ताप येतो. एका नर्सबाईंनी पायाच्या बोटांच्या बेचक्या उघडून दाखवल्या, चिखल्या झालेल्या, कातडी पांढरी पडून फाटलेली. म्हणाल्या तुमचा ताप इथून आत शिरतो.

तेव्हापासून रोज रात्री साध्या पाण्याने आणि साबणाने पाय धुते. गरम पाणी नाही, घासणी नाही. प्रत्येक बेचकी, प्रत्येक घडी. मग टिपून कोरडं करते, घासत नाही, बोटांमधे कापडाची पट्टी फिरवते. चिखली दिसली की मलम. नखं सरळ कापते. झोपताना पायाखाली उशी नाही, गादीच्या खालून उंच केलंय, म्हणजे झोपेत पाय घसरत नाही. बसल्या बसल्या घोटा वर-खाली, गोल. घरातही चप्पल. एवढंच, यात काही जादू नाही. पाय बारीक झाला का? थोडा मऊ झाला, फार बारीक नाही. पण ताप जवळजवळ बंद झाले. माझ्यासाठी हेच खूप आहे.

रानजाई
सुईदोरा ताई, तुमची पोस्ट आईंना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी काही न बोलता पाय पुढे केला. बेचक्यांत चिखल्या आहेत! इतकी वर्षं आम्ही कोणी तिथे बघितलंच नव्हतं.

ओपीडीतला
ताईंनी लिहिलंय ते कुठल्याही पुस्तकापेक्षा नीट आहे. फक्त कारण सांगतो. लसीकावाहिन्यांचं काम नुसतं पाणी वाहणं नाही, जंतूंशी लढणाऱ्या पेशीही त्यांच्यातूनच फिरतात. त्या बिघडल्या की साध्या ओरखड्यातून शिरलेला बॅक्टेरियाही मोकाट सुटतो. ताप त्याचा. म्हणून ॲटॅक आला की अँटिबायोटिक लागतं, डीईसी नाही, ॲटॅक चालू असताना ती देतच नाहीत. जंत स्वतः मरतानाही एक वेगळी सूज येते, त्यात लाल रेघ जांघेकडून खाली उतरते, पण ती सहसा इतकी त्रासदायक नसते.

बाकी पाय पहिल्यासारखा होतो का या मूळ प्रश्नाचं उत्तर. बोटाने दाबल्यावर खड्डा पडतो आणि रात्रभर पाय उंच ठेवला की सकाळी सूज ओसरते, या टप्प्यावर पकडलं तर बरंच हातात असतं. पुढे सूज ओसरेनाशी होते, मग घड्या, मग गाठी, मग चामखिळींसारखी खडबडीत कातडी. तिथून पूर्ण मागे येणं अवघड. कोणी "तीन महिन्यांत मुळापासून" म्हणत असेल तर खिसा सांभाळा.

पिंपळपान
असं सरसकट म्हणू नका डॉक. आमच्या ओळखीत एकांनी लेप लावून आणि जळवा लावून पाय निम्मा केला. ॲलोपॅथीत इलाज नाही म्हणून बाकी सगळं थोतांड हे पटत नाही.

ओपीडीतला
लेपाला माझा विरोध नाही, त्यानिमित्ताने पाय रोज धुतला जातो आणि माणूस पाय वर करून पडतो, त्याचाच अर्धा फायदा असतो. पण जळू, चिरे, डाग देणं, सुईने पाणी काढणं हे या पायावर करू नका, अगदी हात जोडून सांगतो. वर काय सांगितलं? ओरखडाही महागात पडतो. ज्या पायात जंतू घुसू नयेत म्हणून आपण बेचक्या जपतोय त्याच पायाला मुद्दाम भोकं पाडायची?

पिंपळपान
बरं. जळवांचं मागे घेतो. लेपाचं नाही.

अनामिक_रिक्वेस्ट
आयडी नवीन काढलाय, कारण कळेलच. पुरुषांचा विषय कोणी काढला नाही म्हणून विचारतो. पाय ठीक आहे. खालच्या बाजूला सूज आहे, एका बाजूला, वाढत चालली आहे, दुखत नाही पण चालताना, सायकलवर त्रास होतो, पँट ढगळ घालावी लागते. लग्न झालेलं आहे आणि त्या बाबतीतही अडचण येते. हेपण डासामुळेच असतं का? गोळीने जाईल का?

ओपीडीतला
बरं केलंत विचारलंत. हायड्रोसील किंवा अंडवृद्धी म्हणतात ती हीच असू शकते, आणि हत्तीरोगात पायापेक्षा ही जास्त आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे २.५ कोटी पुरुषांना हायड्रोसील आहे आणि सुजलेले हातपाय असलेले सुमारे १.५ कोटी. लाजेमुळे लपवतात म्हणून दिसत नाहीत. पण तिथल्या सुजेची इतरही कारणं असतात, हर्निया असू शकतो, गाठ असू शकते, त्यामुळे आधी दाखवून घ्या, सोनोग्राफी करा. जिवंत जंत असतील तर सोनोग्राफीत चक्क वळवळताना दिसतात. गोळीने साचलेलं पाणी जात नाही, पण साधं ऑपरेशन असतं आणि त्याने खरंच सुटका होते. पायाच्या मानाने तुम्ही नशीबवान म्हणायचे. सुई घालून पाणी काढून घेऊ नका, परत भरतं आणि इन्फेक्शनचा धोका.

अनामिक_रिक्वेस्ट
धन्यवाद डॉक. बायकोलाच सांगतो आधी.

जुनापुराणा
थोडा इतिहास, विषयांतर वाटलं तर सोडून द्या. डासामुळे रोग होतो ही कल्पना मुळात या जंतावरून आली, मलेरियावरून नव्हे! १८७७ मधे चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने रक्तात पिल्लं असलेल्या आपल्या माळ्याला डासांच्या खोलीत झोपवलं आणि सकाळी रक्त प्यायलेले डास फाडून बघितले. पिल्लं आत वाढत होती. माणसाच्या रोगाचा जंत किड्याच्या पोटात वाढतो हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. त्याच्या पाच वर्षं आधी, १८७२ मधे, कलकत्त्यात टिमथी लुईसने माणसाच्या रक्तात ही पिल्लं पाहिली होती. पण मॅन्सनची गाडी एका ठिकाणी घसरली, त्याला वाटलं डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला रोग होतो. १९०० मधे डासाच्या सोंडेतच जंत सापडले तेव्हा उलगडा झाला. मधल्या काळात याच मॅन्सनच्या सांगण्यावरून रोनाल्ड रॉस मलेरियाच्या मागे लागला आणि नोबेल घेऊन गेला. माळ्याचं पुढे काय झालं हे विचारायची पद्धत नव्हती तेव्हा.

बिनकामाचा
माळ्याला पगारवाढ तरी दिली असेल अशी आशा.
सीरियस प्रश्न: प्रत्येक जाड पाय म्हणजे हत्तीरोगच का?

ओपीडीतला
नाही. कॅन्सरच्या ऑपरेशनमधे काखेतल्या किंवा जांघेतल्या ग्रंथी काढल्या, रेडिएशन दिलं तरी हात किंवा पाय असाच सुजतो. हृदय, किडनी, शिरांच्या सुजा वेगळ्या. आणि एक पोडोकोनिओसिस नावाचा प्रकार आहे, इथिओपियाच्या डोंगराळ भागात खूप, तिथे ना जंत ना डास. ज्वालामुखीच्या लाल मातीत वर्षानुवर्षं अनवाणी चालल्याने बारीक कण कातडीतून आत जातात आणि लसीकावाहिन्या बिघडतात. सूज पावलापासून सुरू होते आणि बहुधा दोन्ही पायांना. लहानपणापासून बूट घातले तर होतच नाही. म्हणजे बुटांनी टळणारा रोग.

खडूस_आजोबा
बरं, गोळ्या खाऊन कुठला देश मोकळा झालाय का आजवर? की नुसतीच आशा.

लॅबवाली
झालेत आजोबा. चीन २००७ मधे, त्यांनी तर डीईसी मिठात कालवून लोकांना खायला दिलं होतं. श्रीलंका २०१६, बांगलादेश २०२३, ब्राझील २०२४. २००० साली जगात साधारण १२ कोटी लोकांना लागण होती, २०१८ च्या अंदाजात ती ५.१ कोटीवर आली. पण देश मोकळा झाला म्हणजे नवीन लागण थांबली, ज्यांचे पाय आधीच सुजलेत ते आहेतच, त्यांची पायाची देखभाल चालूच ठेवावी लागते.

खडूस_आजोबा
हं. मीठ बरं होतं.

रानजाई
अजून एक शंका, आईंना मधे काही दिवस लघवी दुधासारखी पांढरी होत होती, आपोआप थांबली. त्याचा याच्याशी संबंध असेल?

ओपीडीतला
असू शकतो, पुढच्या वेळी डॉक्टरांना नक्की सांगा. आतड्यातून चरबी वाहून नेणारी लसीका अडून फुगते आणि मूत्रमार्गात फुटते, त्यामुळे लघवी पांढरी होते. तेलकट-तुपकट जेवणानंतर जास्त दिसते. येते-जाते, दुखत नाही म्हणून लोक सोडून देतात, पण त्यातून चरबी आणि प्रोटीन वाहून जातं, खूप दिवस चाललं तर वजन उतरतं. परत झालं तर एका स्वच्छ बाटलीत नमुना घेऊन जा, आणि रात्रीचं रक्त किंवा पट्टीची टेस्ट त्याच खेपेला करून घ्या. आणि चिखल्यांचं मलम आजपासूनच, टेस्टची वाट बघू नका.